ख्रिस्तपुराण आणि सासष्टीतील लोकांचे धर्मज्ञान

कोणत्याही धर्माच्या इतिहासात पंडितांचे शास्त्र आणि सामान्य भाविकाची श्रद्धा यांचा परस्परसंबंध हा एक बिकट प्रश्न राहिला आहे. ख्रिस्ती धर्मात तो विशेष तीव्रतेने उभा राहिला. कारण या धर्माचा पाया एका चरित्रावर असला, तरी त्या चरित्राचा अर्थ लावण्यासाठी देहधारण, त्रैक्य, मूळपाप, तारण, कृपा इत्यादी सूक्ष्म कल्पनांची एक भक्कम चौकट शतकानुशतके रचली गेली. या कल्पनांच्या पद्धतशीर अभ्यासास ईश्वरविद्या म्हणावे. जो शेतकरी रविवारी मंदिरात येतो, मुलांना क्रूसाची खूण करावयास शिकवितो व मरणसमयी धर्मगुरूस बोलावितो, त्याला या विद्येचे प्रयोजन काय? एका पक्षाच्या मते विश्वास, प्रार्थना व सदाचरण एवढ्यावर त्याचे काम भागते. दुसऱ्या पक्षाच्या मते ज्याचा अर्थ ठाऊक नाही अशी श्रद्धा केवळ पाठांतर होय. सतराव्या शतकाच्या प्रारंभी गोमंतकातील सासष्टी प्रांतात या प्रश्नास जे उत्तर देण्यात आले, ते मराठी भाषेच्या इतिहासाशी निगडित असल्यामुळे त्याचा स्वतंत्र विचार होणे अगत्याचे आहे.

या उत्तराची पार्श्वभूमी युरोपात सापडते. प्रोटेस्टंट सुधारणेच्या आघातानंतर भरलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने (१५४५–१५६३) लोकांच्या अज्ञानाची गंभीर दखल घेतली. धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी प्रत्येक धर्मप्रांतात विद्यालये स्थापावीत, संस्कारांचा अर्थ लोकांना त्यांच्या बोलीत समजावून सांगावा आणि रविवारी व सणाच्या दिवशी मुलांना धर्मतत्त्वे शिकवावीत, असे निर्णय परिषदेने १५६३ साली घेतले. १५६६ साली रोममध्ये धर्मगुरूंसाठी विस्तृत धर्मशिक्षाग्रंथ सिद्ध झाला. त्याच वर्षी पोर्तुगालमध्ये मार्कुश जॉर्ज या येशूसंघीय धर्मगुरूची मुलांसाठी लिहिलेली प्रश्नोत्तररूप पुस्तिका प्रकाशित झाली. धर्मगुरूंसाठी शास्त्र आणि लोकांसाठी प्रश्नोत्तरी, अशी ज्ञानाची ही दुपदरी वाटणी होती. लोकांनी मुळीच जाणू नये असे कोणाचे म्हणणे नव्हते. परंतु त्यांनी किती जाणावे याची मर्यादा बहुतांशी ठरून गेली होती.

गोमंतकात या पद्धतीचा पाया त्यापूर्वीच घातला गेला होता. १५४२ साली गोव्यास आलेला फ्रान्सिस झेवियर रस्त्यातून घंटा वाजवीत मुलांना व गुलामांना एकत्र करी आणि त्यांच्याकडून प्रार्थना, विश्वासांगीकार व दहा आज्ञा म्हणवून घेई. १५५६ साली गोव्याच्या सेंट पॉल महाविद्यालयात भारतातील पहिले मुद्रणयंत्र सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी झेवियरची धर्मशिक्षापुस्तिका तेथे छापली गेली. या पद्धतीचे सामर्थ्य उघड आहे. निरक्षर मनुष्याच्या मुखात थोडक्या काळात निश्चित शब्द बसविण्याचे दुसरे साधन त्या वेळी नव्हते. तिचा उणेपणाही तितकाच उघड आहे. मुखात बसलेला शब्द मनातील शंकेस उत्तर देईलच असे नाही.

सासष्टीत या शंकांना एक विशिष्ट ऐतिहासिक कारण होते. १५४३ साली बार्देश व सासष्टी हे महाल पोर्तुगीजांच्या ताब्यात आले आणि पुढे सासष्टीचे धर्मकार्य येशूसंघाकडे सोपविण्यात आले. १५६७ साली रायतूरच्या किल्लेदाराने तेथील देवळे पाडली. येशूसंघाच्या वृत्तांतांत त्यांची संख्या सुमारे २८० दिली आहे. त्याच वर्षी भरलेल्या गोव्याच्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने परधर्मीय ग्रंथ बाळगण्यास मनाई केली. १५६० पासून धर्मसमीक्षणाचे न्यायालयही कार्य करू लागले होते. १५८३ च्या जुलैमध्ये कुंकळ्ळी येथे रुडॉल्फ आक्वाव्हिव्हा व त्याचे चार येशूसंघीय सहकारी मारले गेले. सासष्टीतील धर्मांतर हे सर्वस्वी आंतरिक परिवर्तनाचे फळ होते असे म्हणता येणार नाही. त्यात सत्तेचा भाग मोठा होता. मंदिर गेले, पोथी गेली, पुराणिक गेला. आणि त्यांच्या जागी रविवारचे पाठांतर आले. ही पोकळी ज्यांना प्रथम जाणवली, ते त्या समाजातील जाणते लोक होते.

त्यांनी काय गमावले होते याची कल्पना एका उपलब्ध ग्रंथावरून येते. सासष्टीतीलच केळशी गावच्या कृष्णदास शामाने १५२६ साली ‘श्रीकृष्णचरित्रकथा’ हा ओवीबद्ध ग्रंथ रचावयास घेतला. त्यातील अध्यायांना ‘अवस्वरू’ अशी संज्ञा आहे. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात रोमन लिपीत उतरविलेल्या ज्या जुन्या गोमंतकी संहिता सापडल्या, त्यांतून या वाङ्मयावर प्रकाश पडला. घरी कोकणी बोलावी आणि ग्रंथ मराठीत ऐकावा, ही गोमंतकाची तेव्हाची रीत होती. धर्माचा विचार सामान्य माणसापर्यंत पोहोचे तो सूत्रांच्या अगर भाष्यांच्या रूपाने नव्हे, तर सभेत बसून ऐकलेल्या कथेच्या रूपाने. ती कथा थांबविता येई, पुराणिकास शंका विचारता येई, आणि उत्तर मिळाल्यावर कथा पुढे चाले.

या प्रांतात थॉमस स्टीफन्सने सुमारे ४० वर्षे काढली. इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात जन्मलेला हा तरुण स्वदेशातील कॅथलिकविरोधी धोरणामुळे रोमला गेला, १५७५ साली येशूसंघात दाखल झाला आणि १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यास पोहोचला. सासष्टीतील धर्मकार्यात तो रमला, तेथील भाषा त्याने आत्मसात केल्या आणि १६१९ साली गोमंतकातच त्याचे निधन झाले. त्याच्या नावावरील तीन ग्रंथ एकत्र पाहिले म्हणजे त्याच्या दृष्टीची व्याप्ती कळते. ‘ख्रिस्तपुराण’ या नावाने ओळखला जाणारा मराठी ओवीग्रंथ १६१६ साली रायतूर येथे छापला गेला. कोकणी गद्यातील धर्मशिक्षापुस्तिका त्याच्या मृत्यूनंतर १६२२ साली निघाली. कोकणीचे व्याकरण दियोगु रिबैरू याने भर घालून सिद्ध केले व ते १६४० साली प्रकाशित झाले. व्याकरण धर्मगुरूंसाठी, कोकणी प्रश्नोत्तरी सर्वांसाठी आणि पुराण श्रोतृसभेसाठी, अशी ही योजना होती. ट्रेंटोत्तर युरोपातील दुपदरी वाटणीत येथे एक तिसरा पदर घातला गेला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

हा तिसरा पदर का आवश्यक झाला, हे पुराणाच्या पहिल्या अवस्वरूतच नमूद आहे. सासष्टीत धर्मपाठ चालू असता सभेतील एक जाणता नवख्रिस्ती धर्मगुरूस विनवितो की, तुम्ही शिकविता ते चांगलेच आहे. तथापि आमची पूर्वीची पुराणे तुम्ही निषिद्ध केलीत, तर त्यांच्या जागी लोकांची आवड पुरविणारे दुसरे पुराण आम्हांस का देत नाही? हा प्रसंग जसाच्या तसा घडला, की प्रस्तावनेच्या पौराणिक संकेतास अनुसरून रचला गेला, हा प्रश्न गौण आहे. धर्मशिक्षापुस्तिका पुरेशी नाही, ही तक्रार श्रोत्याच्या मुखी घालणे ग्रंथकारास योग्य वाटले, ही बाब महत्त्वाची. तीत दोन गोष्टी अभिप्रेत आहेत. एक, नवख्रिस्त्याला तत्त्वांची नुसती यादी नको असून त्या तत्त्वांना जोडणारे सूत्र हवे आहे. दुसरी, जे बळाने हिरावले गेले त्याची भरपाई तो मागत आहे. ख्रिस्तपुराणाचा जन्म या मागणीतून झाला असल्याने त्याच्याकडे निव्वळ धर्मप्रसाराचे साधन म्हणून पाहणे जितके अपुरे, तितकेच त्याची राजकीय पार्श्वभूमी विसरून केवळ भाषेच्या गोडव्याचे कौतुक करणेही अपुरे होय.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणाचे ३६ आणि दुसऱ्याचे ५९ अवस्वरू असून एकंदर ओवीसंख्या सुमारे ११,००० भरते. पहिल्यात विश्वाची उत्पत्ती, देवदूतांचे व आदिमानवाचे पतन, इस्राएल लोकांचा इतिहास व संदेष्ट्यांची भाकिते येतात. दुसऱ्यात ख्रिस्ताचा जन्म, उपदेश, यातना, मृत्यू व पुनरुत्थान वर्णिले आहे. वरवर पाहता हा बायबलमधील कथेचा अनुवाद वाटतो. परंतु या मांडणीतच ईश्वरविद्येचा एक मोठा सिद्धान्त अंतर्भूत आहे. ख्रिस्ताचे आगमन ही आकस्मिक घटना नसून आदिमानवाच्या पतनापासून ती अपेक्षित होती, जुन्या करारात तिच्या खुणा आहेत, हा विचार चर्चच्या आचार्यांनी प्रथम शतकांतच विकसित केला होता. सासष्टीतील श्रोत्याच्या दृष्टीने त्याला तातडीचे महत्त्व होते. हा धर्म फिरंग्यांबरोबर काल-परवा आलेला आहे, असा आक्षेप त्याच्या शेजाऱ्याकडून येणे स्वाभाविक होते. त्या आक्षेपास उत्तर देण्यासाठी एक संपूर्ण पुराणच ख्रिस्तजन्मापूर्वीच्या कथेस देण्यात आले. विद्वानांच्या ग्रंथातील सिद्धान्त अशा रीतीने घरच्या व बाजारातील वादात उपयोगी पडणारा झाला.

पारिभाषिक शब्दांच्या बाबतीत हीच जाणीव दिसते. ग्रंथात स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हटले आहे. मुक्ती, मोक्ष, पातक, परमेश्वर हे शब्द मोकळेपणाने योजिले आहेत. या प्रत्येक शब्दास पूर्वीच्या धर्माचा संस्कार चिकटलेला होता. कथेच्या ओघात तो हळूहळू नवा अर्थ धारण करील अशी अपेक्षा असली पाहिजे. उलट, ‘स्पिरितु सांतु’, ‘बाप्तिस्मु’, ‘क्रूस’ यांसारखे शब्द लॅटिन-पोर्तुगीज वळणानेच ठेवले आहेत. तेथे देशी शब्दाने घोटाळा होण्याचे भय वाटले असावे. लंडन येथील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखिताकडे जस्टिन अॅबट यांनी १९२० नंतरच्या दशकात अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्यात परकीय शब्दांच्या जागी बहुधा संस्कृतोद्भव शब्द आढळतात. मूळ पाठ कोणता याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र दोन्ही परंपरांच्या अस्तित्वावरून एक निष्कर्ष निघतो: कोणता शब्द कोठे चालेल हा प्रश्न एकदाच सुटला नाही. शब्दाची निवड म्हणजेच सिद्धान्ताची निवड असल्यामुळे भाषांतरकार व लेखनिक या दोघांनाही काही अंशी ईश्वरविद्येचा अभ्यासक व्हावे लागले.

हे ज्ञान लोकांपर्यंत पोहोचले कसे? १६१६ चा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. देशी अक्षरांचे खिळे पाडण्याची इच्छा स्टीफन्सने १६०८ साली रोमला धाडलेल्या पत्रात व्यक्त केली होती. परंतु जोडाक्षरांमुळे लागणारी खिळ्यांची मोठी संख्या आड आली. परिणामी छापील प्रत वाचू शकणारे लोक थोडे, म्हणजे धर्मगुरू, त्यांचे साहाय्यक व चर्चच्या शाळांत शिकलेले तरुण, एवढेच असणार. बाकीचा समाज श्रोता होता. रविवारी व सणांच्या दिवशी चर्चमध्ये पुराणाचे वाचन होत असे. १६४९ व १६५४ साली नव्या आवृत्त्या निघाल्या, यावरून त्याची मागणी टिकून होती असे दिसते. या तीनही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही, आणि हस्तलिखिते मात्र उरली आहेत. छापील ग्रंथाहून हाताने उतरविलेली पोथी अधिक जगली, ही घटना ग्रंथाच्या लोकजीवनातील स्थानाविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

पुराणातील श्रोता मूक नाही. कथेच्या ओघात जाणते श्रोते शंका काढतात, आणि ‘पाद्री गुरु’ त्यांचे निरसन करतो. प्रश्नोत्तरीतही प्रश्न असतात. परंतु तेथे प्रश्न गुरूचा आणि उत्तर शिष्याचे असते, व ते दोन्ही आधीच ठरलेले असतात. पुराणात हा क्रम उलटतो. प्रश्न शिष्याचा आणि उत्तर देण्याची जबाबदारी गुरूची. शिक्षणाच्या दृष्टीने हा बदल लहान नव्हे. ईश्वरविद्येचे पारंपरिक लक्षण श्रद्धेने घेतलेला बुद्धीचा शोध असे केले जाते. त्याचे बीज सासष्टीतील श्रोत्याच्या शंकेत आहे, हे पुराणाच्या रचनेने मान्य केले.

या मान्यतेची मर्यादाही स्पष्ट केली पाहिजे. श्रोत्याने प्रश्न विचारला तरी वाद संपविण्याचा अधिकार गुरूकडेच राहतो. ग्रंथास धर्मसमीक्षण न्यायालयाची व धर्माधिकाऱ्यांची संमती घेणे भाग होते. त्यामुळे कोणती शंका ग्रंथात येऊ शकते याची सीमा आखलेली होती. येशूसंघाची दारे स्थानिक ख्रिस्त्यांना जवळजवळ बंद होती. त्याच पिढीत एत्येन द ला क्र्वा या फ्रेंच येशूसंघीयाने संत पीटरच्या चरित्रानिमित्त मोठा मराठी ओवीग्रंथ रचला व तो १६२९ ते १६३४ या काळात गोव्यात छापला गेला. त्यात देशी देवदेवतांच्या कथांचे खंडन हा प्रधान हेतू आहे. दोन्ही ग्रंथांचे छंद व भाषा एक. परंतु एकात ईश्वरविद्या श्रोत्याच्या शंकेस उत्तर देते, दुसऱ्यात ती त्याच्या पूर्वजांच्या श्रद्धेशी भांडते. दैनंदिन श्रद्धेस आधार कोणती विद्या देते याचा निर्णय पुढील काळाने दिला. लोकांच्या मुखी राहिले ते ख्रिस्तपुराण.

लोकभाषेविषयीचे चर्चचे धोरण मात्र स्थिर राहिले नाही. १६०६ च्या प्रांतिक धर्मपरिषदेने ज्या धर्मगुरूस स्थानिक भाषा येत नाही त्यास लोकांचे धर्मपालन सोपवू नये असा दंडक घातला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांनी, २७ जून १६८४ रोजी, काँदी द आल्व्होर या व्हाइसरॉयने नेमका उलट आदेश काढला. तीन वर्षांच्या आत लोकांनी देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे, असा त्याचा आशय होता. त्याच्या आदल्याच वर्षी संभाजीराजांच्या स्वारीने गोवे हादरले होते. राजकीय भीतीचे वातावरण या आदेशामागे होते. आदेश पूर्णपणे अमलात येणे शक्य नव्हते व तो आला नाही. तथापि देशी भाषांतील धर्मग्रंथांची निर्मिती खुंटली. १७५९ साली पोर्तुगीज मुलखातून येशूसंघाची हकालपट्टी झाल्यावर या परंपरेचे उरलेसुरले पालकही नाहीसे झाले. गोमंतकी ख्रिस्ती समाजात वरच्या थराची धर्मविद्या पोर्तुगीज-लॅटिनमध्ये आणि खालच्या थराची प्रार्थना कोकणीत, अशी फट पडली. सामान्य भाविकाचा शंका विचारण्याचा अधिकार कोणी कायद्याने काढून घेतला नव्हता. ज्या भाषेत शंका विचारायची, तीच विद्येच्या दालनाबाहेर राहिली.

परंतु बीज अन्यत्र रुजले होते. सासष्टीतील बाणावली येथे १६५१ साली जन्मलेला जुझे वाझ हा स्थानिक धर्मगुरू प्रथम कानड्यात व १६८७ पासून सिंहलद्वीपात कार्य करीत राहिला. तेथे डच सत्तेने कॅथलिक उपासनेस बंदी केली होती. १७०५ साली त्याच्या मदतीस पोहोचलेला, दिवाडीचा जाकोम गोन्साल्विश याने सिंहली व तमिळ भाषांत विपुल ख्रिस्ती वाङ्मय निर्माण केले, आणि आपल्या एका प्रमुख सिंहली ग्रंथास ‘देव वेद पुराणय’ असे नाव दिले. ज्या समाजास एकेकाळी पुराणाची याचना करावी लागली, त्याच समाजाच्या मुलांनी दुसऱ्या एका समाजास त्याच्या भाषेत पुराण दिले. धर्मविद्येचा ग्राहक तिचा दाता झाला, याहून तिच्या रुजण्याचे दुसरे प्रमाण कोणते?

दुसरे प्रमाण दक्षिणेकडील कानडा प्रांतातून मिळते. सोळाव्या शतकापासून अनेक गोमंतकी ख्रिस्ती कुटुंबे तिकडे स्थलांतरित झाली. १७८४ साली टिपू सुलतानाने या समाजातील हजारो लोकांना बंदी करून श्रीरंगपट्टणास नेले. चर्चे पाडली गेली, धर्मगुरूंना देशाबाहेर घालविण्यात आले, आणि १७९९ पर्यंत ही स्थिती टिकली. या पंधरा वर्षांत पुराणातील ओव्यांनी बंदिवानांस धीर दिला अशी परंपरा मंगळूरच्या ख्रिस्ती समाजात आहे. तिचे सर्व तपशील कागदोपत्री सिद्ध करता येणार नाहीत. परंतु पुराणाच्या प्रती कानड्यात जतन झाल्या व त्यांच्या आधारे जे. एल. सालदान्या यांनी १९०७ साली मंगळूर येथे रोमन लिपीत आवृत्ती सिद्ध केली, ही गोष्ट निर्विवाद आहे. ज्या प्रदेशात मराठी ही बोलभाषा नव्हती आणि चर्चचा आश्रयही काही काळ नाहीसा झाला होता, तेथे ११,००० ओव्यांचा ग्रंथ केवळ अलंकार म्हणून जपला गेला नसता. पुढे १९५६ साली पुण्यास शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती निघाली आणि मराठी वाचकास हा ग्रंथ आपल्या लिपीत लाभला.

या साऱ्या इतिहासावरून प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळता दोन्ही पक्ष अपुरे ठरतात. ईश्वरविद्या सामान्य श्रद्धेस अनावश्यक आहे असे म्हणावे, तर सासष्टीतील श्रोत्याने पाठांतरावर समाधान मानले असते. त्याने ते मानले नाही. ज्ञानावाचून श्रद्धा पोकळ आहे असे म्हणावे, तर ज्यांना एकही ग्रंथ वाचता येत नव्हता त्यांनी संकटकाळी श्रद्धा कशी टिकविली याचा उलगडा होत नाही. ख्रिस्तपुराणाने एक मधला मार्ग दाखविला. सिद्धान्त सौम्य अगर संक्षिप्त करून नव्हे, तर त्याला कथेची अखंडता, ओवीची लय आणि शंकेची संधी देऊन तो लोकांच्या हवाली करता येतो. शास्त्र कमी केले गेले नाही. त्याचे आसन बदलले गेले. मात्र हा मार्ग भाषेवर अवलंबून असतो. सत्तेने निर्माण केलेली पोकळी भाषेने भरून काढली. आणि सत्तेने जेव्हा भाषेवरच हात टाकला, तेव्हा ती पोकळी गोमंतकात पुन्हा उघडी पडली. लोकांच्या श्रद्धेत विद्येला किती स्थान आहे हे मोजावयाचे, तर विद्यालयांची संख्या अगर ग्रंथांची जाडी पाहून भागणार नाही. सामान्य भाविकाला आपली शंका आपल्या भाषेत विचारता येते की नाही, आणि तिचे उत्तर त्याच भाषेत देण्यास कोणी बांधलेला आहे की नाही, हीच त्याची खरी कसोटी होय.